‘हलू नका’ म्हणण्याआधी

तिसऱ्यांदा फोटो हलला.

एमआरआयमध्ये पेशंट हलला की रंकाळ्यात खडा टाकल्यावर उठतात तशा लाटा फोटोभर पसरतात. कवटीची कड पुन्हा पुन्हा उमटते आणि मेंदू त्या लाटांखाली बुडतो. माझ्या समोरच्या पडद्यावर तेच चाललं होतं.

“पोवार, हे काय आहे?” मागून सर म्हणाले. सर म्हणजे आमचे रेडिओलॉजिस्ट. सेंटरही त्यांचंच.

“मान हलतेय, सर.”

“हलू नका म्हणून सांगितलं नाहीस?”

“प्रत्येक वेळी सांगितलं.”

“मग दरडावून सांग. बाहेर रांग लागलीय.”

मी तिथला टेक्निशियन. पेशंटला आत घेणं, मशीन चालवणं, फोटो काढणं हे माझं काम. फोटो वाचणं सरांचं. पेशंट मलाही डॉक्टर म्हणतात. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो, नंतर सोडून दिलं. दोन हजार तीन-चारचा सुमार होता. कोल्हापुरात एमआरआय म्हटलं की लोक अजून दबकून आत यायचे.

काचेपलीकडे टेबलावर महानंदा होती. वय चोविसाच्या आसपास, उचगावची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिला टिक्स होत्या. डोळे पटापट मिटायचे, मान डावीकडे उडायची आणि घशातून आवाज यायचा, ठसका आणि उचकी यांच्या मधला.

टिक म्हणजे काय, ते सांगतो. ती फिट नव्हे आणि नाटकही नव्हे. शिंक येण्याआधी नाकात दाटतं ना, तसं मानेत किंवा घशात काहीतरी दाटत जातं. ती हालचाल केली की क्षणभर सुटल्यासारखं होतं, मग पुन्हा दाटायला लागतं. थोडा वेळ दाबून धरता येतं, पण दाबलेलं सगळं मागाहून एकदम बाहेर पडतं. आणि कुणी ‘हलू नका’ म्हटलं की त्याच क्षणी जास्त दाटतं.

हे मला पुस्तकात वाचून कळलेलं नाही. पण ते पुढे.

महानंदाला हे लहानपणापासून होतं, कमी-जास्त व्हायचं. गेल्या वर्षात मात्र फारच वाढलं. मिरजेहून आठवड्याला येणारे मेंदूचे डॉक्टर म्हणाले, या वयात अचानक वाढलंय तर आत दुसरं काही नाही ना ते एकदा बघून घेऊ. म्हणून एमआरआय. पण तिला घाई होती ती वेगळ्याच कारणाने. ती शिक्षणसेवक होती. म्हणजे पहिली तीन वर्षं ठरावीक मानधनावर शिकवायचं आणि संस्थेचं समाधान झालं तर कायम व्हायचं. तिची तीन वर्षं संपत आली होती. पोरं घरी जाऊन बाईंसारखी मान उडवतात, अशी पालकांची तक्रार गेली होती. संस्थेच्या चेअरमननी सांगितलं होतं, सोमवारपर्यंत डोक्याचा रिपोर्ट आणा, नाहीतर दुसरीकडे बघा.

तो दिवस शनिवार होता.

“झोपवून काढू,” सर म्हणाले. झोपवून म्हणजे भूल देऊन. लहान मुलांचे फोटो आम्ही तसेच काढायचो. भुलीच्या मॅडम दुसऱ्या हॉस्पिटलमधून यायच्या. त्या दुपारी आल्या, महानंदाला स्टुलावर बसवलं आणि पहिल्यांदा तिची खालची पापणी ओढून बघितली.

“रक्त कधी तपासलं होतंस?”

महानंदा वडिलांकडे बघायला लागली. मल्लाप्पा दाराशी उभे होते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरा शर्ट. उचगावच्या रस्त्याला त्यांचं बांधकामाच्या सळ्यांचं दुकान होतं.

“डोळ्याचा इलाज केला, मानंचा केला. रक्त कुनी मागितलंच न्हाय,” ते म्हणाले.

खालच्या मजल्यावरच्या लॅबमधून अर्ध्या तासात हिमोग्लोबिन आलं. साताच्या आत, बाईमाणसाला बारा तरी हवं असतं. मॅडमनी तो कागद माझ्याकडे दिला आणि तिच्यासमोर बसल्या.

“माती खातेस?”

“नाही.”

“खडू?”

मान उडाली. आवाज आला. मग ती अगदी हळू म्हणाली, “पेन्सिल. पाटीवरची.”

“किती?”

“वर्गात सापडेल ती. सुट्टीत मुलं बाहेर गेली की.”

मल्लाप्पा एक पाऊल पुढे आले. “नंदा, काय सांगालीस?”

“ओरडू नका तिला,” मॅडम म्हणाल्या. “अंगात लोखंड कमी पडलं की असं खावंसं वाटतं. तिच्या हातात नाही ते.”

मल्लाप्पा मागे सरले. मग म्हणाले, “मॅडम, माज्या दुकानात टनानं लोखंड पडलंय. आनि पोरीच्या अंगात न्हाय म्हंजे काय वो?”

“सळ्या चाटायला लावू नका म्हणजे झालं,” मॅडम म्हणाल्या. फेरिटिन नावाची आणखी एक तपासणी त्यांनी लिहून दिली. शरीराच्या कोठारात लोखंडाचा साठा किती शिल्लक आहे, याचा त्यातून अंदाज येतो. आमच्याकडे ती व्हायची नाही, रक्त पुण्याला पाठवावं लागायचं. मग सरांकडे वळून त्या म्हणाल्या, “एवढ्या रक्तावर हिला इथं झोपवायला मी तयार नाही. जीवावरचं काही नाही, मग घाई कशाला? महिनाभर गोळ्या देऊ द्या, मग बघू.”

“महिना न्हाय वो आमच्याकडं,” मल्लाप्पा म्हणाले. “सोमवार हाय.”

मॅडम गेल्या. सर म्हणाले, शाळेसाठी ‘तपासणी होऊ शकली नाही’ असं लिहून देतो. मला त्या वाक्याचा अर्थ कळत होता. चेअरमनच्या टेबलावर ते वाक्य गेलं की महानंदाची शाळा सुटली.

मल्लाप्पा खाली रक्ताचे पैसे भरायला गेले. महानंदा कॉरिडॉरच्या बाकावर बसली होती आणि समोरून जाणारा प्रत्येक माणूस तिच्याकडे वळून बघत होता. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. असं मी कधी करत नाही. मी मुळात बोलणारा माणूस नाही.

“बाई, तुम्हाला हे कधी येत नाही?”

“म्हणजे?”

“कधीपासून येतं, किती वेळा येतं, हे सगळे विचारतात. मी उलटं विचारतोय. येतच नाही, असं कधी होतं का?”

तिने माझ्याकडे नीट बघितलं. “असं असतं, हे तुम्हाला कसं माहीत?”

इथे मी नेहमीसारखं काहीतरी सांगून वेळ मारून नेऊ शकलो असतो. पेशंट बघून बघून कळतं, वगैरे. तोंडात आलंही होतं.

“मला मशीन चालवायला कन्सोलवर बसलो की येत नाही,” मी म्हणालो.

तिची नजर माझ्या मानेवर गेली.

“माझी मान उजवीकडे जाते. घसाही आहे. दुसरीत असल्यापासून.”

“दिसत नाही.”

“दिसू देत नाही. पेशंट बाहेर गेला की बाथरूममध्ये जाऊन सगळं करून येतो. इथे सगळ्यांना वाटतं, पोवारला डायबेटिस आहे.”

ती हसली. हसताना मान उडाली, पण तिने ती आवरायचा प्रयत्न केला नाही. हे मी पहिल्यांदा बोलत होतो. बायकोला माहीत होतं, पण आमच्यात तो विषय कधी निघाला नव्हता. आईला तर मी सरळ खोटं सांगितलं होतं. माझ्यासाठी आई दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जायची. माझ्या शाळेच्या दिवसांपासून. थंडी, ताप, पाऊस, काही बघायची नाही. तिची धावपळ बघवेना, म्हणून कॉलेजात असताना मी सांगितलं, आई, गेलं माझं. वाटलं, आता थांबेल. तर देवाने ऐकलं म्हणून ती आणखी नेमाने जायला लागली. माझ्या एका थापेवर माझी आई वर्षानुवर्षं एसटीत बसत होती.

“पूजेत येत नाही,” महानंदा म्हणाली.

त्यांच्यात इष्टलिंगाची पूजा असते. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असतं, कपड्यात गुंडाळलेलं. सकाळी आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं आणि नजर त्याच्यावर ठेवून बसायचं. लहानपणी आजोबांनी शिकवलं तेव्हापासून एकदाही, ती म्हणाली, त्या वेळात डोळा मिटला नाही की मान उडाली नाही. घरच्यांना ते माहीत होतं. डॉक्टरला सांगण्यासारखं ते काही आहे, असं मात्र कुणाला वाटलं नव्हतं.

“आज केली पूजा?”

“केली. पण इथे आल्यावर…” ती थांबली. मान दोनदा उडाली. “सिस्टरनी काढून ठेवायला सांगितलं.”

“काय?”

“लिंग. अंगावरचं सगळं काढा म्हणाल्या.”

इथे एक सांगायला हवं. आमच्या मशीनमध्ये चुंबक असतं, आणि ते कधीच बंद नसतं. लोखंडाची खुर्ची दारातून आत नेली तर उडून जाऊन चिकटते. म्हणून पेशंटच्या अंगावरची पिनसुद्धा आम्ही बाहेर काढून ठेवतो. ‘अंगावरचं सगळं काढा’ हे वाक्य सिस्टरचं नव्हतं. ते माझं होतं. तिला मीच शिकवलं होतं.

पण लिंगायतांमध्ये ते लिंग अंगावेगळं करत नाहीत. जन्मानंतर काही दिवसांतच बांधतात आणि माणूस गेल्यावरही ते त्याच्यासोबतच जातं. इतकी वर्षं कोल्हापुरात राहून मला हे माहीत नव्हतं असं नाही. माझ्या वर्गातल्या मुलांच्या गळ्यात मी ते बघितलं होतं. फक्त मशीनसमोर उभा राहिलो की माझ्यासाठी जगात दोनच गोष्टी उरायच्या, लोखंड आणि लोखंड नसलेलं.

“कुठे ठेवलंय?”

“लॉकरमध्ये.”

मी लॉकर बघायला गेलो. वरच्या कप्प्यात पर्स आणि बांगड्या. खालच्या कप्प्यात, तिच्या चपलांच्या शेजारी, ती चांदीची डबी.

सकाळपासून आम्ही तिला ‘हलू नका’ म्हणत होतो, आणि ज्याच्यामुळे ती हलत नव्हती ते आम्हीच काढून चपलांत ठेवलं होतं. तिने तक्रार केली नाही, कारण तिला रिपोर्ट हवा होता.

मी डबीला हात लावला नाही. मल्लाप्पा वर आल्यावर त्यांना लॉकर दाखवला. ते कप्प्यासमोर वाकले.

“पावणं,” ते म्हणाले, “इचारायचं तरी हुतं की.”

“चुकलं माझं.”

ते नळावर हात धुऊन आले, डबी उचलून कपाळाला लावली आणि मुलीच्या हातात दिली.

मी सरांकडे गेलो. “सर, लिंग हातात ठेवून काढू या. डबी नको. नुसतं लिंग.”

“लिंग कशाचं असतं?”

“दगडाचं. वरून कसलातरी काळा लेप असतो.”

“लेपात काय आहे, तुला माहीत आहे?”

“नाही. तपासतो.”

“वेड लागलंय तुला.” मग त्यांनी घड्याळाकडे बघितलं. “एवढं शेवटचं करून बघ. हललं तर मी पत्र लिहून देणार.”

तपासायचं कसं, हाच प्रश्न होता. एरवी आम्ही संशयाच्या वस्तूला हातातलं छोटं चुंबक लावून बघायचो. पण परक्याने लिंगाला शिवायचं नसतं. मी एक लांब दोरा घेतला, चुंबक त्याला बांधलं आणि ते महानंदाच्या तळहाताच्या बाजूला, न टेकवता, लोंबतं धरलं. लोखंड असेल तर चुंबक तिकडे झुकेल. मल्लाप्पा श्वास रोखून बघत होते. चुंबक दोऱ्यावर स्वतःभोवती सावकाश फिरलं आणि सरळ लोंबत राहिलं. मी ते चारी बाजूंनी फिरवलं. जरासुद्धा झुकलं नाही.

मल्लाप्पा म्हणाले, “आमच्या दुकानात यीऊन हे केलं असतं तर तुमीच उडून गेला असता.”

मग टेबल. डोक्याच्या फोटोसाठी पेशंटच्या चेहऱ्यावर एक पिंजऱ्यासारखं साधन बसवतात, त्याला कॉइल म्हणतात. त्याच्यावर एक तिरका आरसा असतो. आत घुसमटल्यासारखं वाटू नये म्हणून पेशंटला त्यातून पायाकडचा उजेड दिसतो. मी तिचा डावा हात छातीवर घेतला, कोपराखाली स्पंजच्या उशा लावल्या आणि आरसा खाली-वर करत राहिलो.

“काय दिसतंय?”

“बोटं.”

आरसा आणखी थोडा कलवला. “आता?”

उत्तर आलं नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. वाकून बघितलं तर तिचे डोळे आरशात खिळले होते. आरशात तळहात होता आणि तळहातावर लिंग. मी ‘हलू नका’ म्हणालो नाही. पाय न वाजवता बाहेर आलो.

मशीन सुरू झालं. त्याचा आवाज म्हणजे पत्र्याच्या शेडवर कुणीतरी घण घालतोय असा. चांगले धडधाकट लोक पहिल्या ठोक्याला दचकतात. मी काचेतून तिच्या हनुवटीकडे बघत होतो. पहिला भाग संपला. दुसरा संपला. मी मध्ये बोललो नाही, थांबलो नाही. मल्लाप्पा माझ्या मागे उभे होते. नियमानुसार त्यांना तिथे थांबता येत नव्हतं, पण सरांनीही काही म्हटलं नाही.

पडद्यावर फोटो यायला लागले.

माझ्या नोकरीत मी हजारो डोकी बघितली असतील. इतका स्वच्छ फोटो क्वचित आला होता. एकही लाट नाही. सकाळी ज्या डोक्याची कड ओळखू येत नव्हती, त्याची एकेक घडी नांगरलेल्या रानासारखी स्पष्ट. माणूस स्वतः ठरवून इतका स्थिर राहू शकतो, हे मला माहीत नव्हतं. आणि ती तर आमच्या आजवरच्या पेशंटांतली सगळ्यात जास्त हलणारी होती.

शेवटी मी एक जास्तीचा प्रकार लावला. लोखंड असेल तिथे चुंबकाचं क्षेत्र किंचित बिघडतं आणि फोटोत तेवढी जागा काळी येते. जुना रक्तस्राव शोधायला आम्ही तो वापरतो. महानंदाला त्याची गरज होती असं नाही. मला बघायचं होतं.

मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना, काही गाठी असतात. रोगाच्या नव्हेत, जन्माच्या. त्यांना बेसल गँगलिया म्हणतात. कुठली हालचाल सुरू करायची आणि कुठली आवरायची, याचं बरंच काम तिथं चालतं. तान्ह्या बाळाच्या फोटोत या गाठी फिक्या दिसतात. मग वय वाढेल तसं लोखंड तिथं जमत जातं. भाकरीतलं, पालेभाजीतलं, गुळातलं, जे काही आपण खातो त्यातून कणाकणाने. म्हाताऱ्या माणसाच्या फोटोत त्यांतल्या काही गाठी शाई सांडल्यासारख्या दिसतात. उद्यमनगरच्या फाउंड्रीत लाल होऊन साच्यात उतरतं, मल्लाप्पांच्या दुकानात गंजत पडतं, तेच हे लोखंड. आपली मान कुठे वळावी हे ठरतं त्या जागी जाऊन बसलेलं.

महानंदाच्या फोटोत त्या दोन सावल्या होत्या. चिंचोक्याएवढ्या, करड्या, समोरासमोर.

“ते काळं काय हाय?” मल्लाप्पांनी विचारलं.

“लोखंड,” मी म्हणालो.

ते पडद्याजवळ वाकले. सळ्यांचा धंदा केलेला माणूस, लोखंड हातात धरून वजन सांगणारा. “हितं?” ते म्हणाले. आणि त्यांनी त्या सावलीवर बोट ठेवलं.

महानंदा बाहेर आली तेव्हा उठून बसल्या बसल्या मान उडाली, डोळे मिटले, घसा वाजला. मला बरं वाटलं. दाबून ठेवलं असतं तर यापेक्षा कितीतरी जास्त बाहेर आलं असतं. माझ्या अनुभवावरून सांगतो.

संध्याकाळी सरांनी फिल्म दिव्यावर लावल्या. मी कपाटातून एक जुनी फिल्म काढून शेजारी लावली. मशीन बसवलं तेव्हा कंपनीच्या इंजिनिअरने ते जुळवण्यासाठी स्टाफपैकी कुणालातरी झोपवायला सांगितलं होतं, आणि मी झोपलो होतो. तेव्हापासून ती फिल्म मी जपली होती. कधीतरी एकटा असलो की दिव्यावर लावून बघायचो. काहीतरी वाकडं सापडावं, अशी इच्छा असायची. लहानपणी सगळे म्हणायचे, मनावर घेतलंस तर थांबेल. आत काही मोडलेलं सापडलं असतं तर मनाची सुटका झाली असती.

सरांनी आधी महानंदाची बघितली, मग दुसरी. “दोन्ही नॉर्मल. ही कुणाची?”

“माझी.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान आवरली नाही. एकदा, दोनदा उडाली.

“अच्छा,” सर म्हणाले. खुर्चीवर मागे टेकले. “डायबेटिस नाही म्हणजे.”

“नाही.”

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, पहिल्यांदाच बरोबरीने बोलावं तसं. टिक्स असलेल्या पुष्कळ लोकांची एकत्र मोजमापं घेतली तर यातल्या एखाद्या गाठीचा आकार किंचित लहान भरतो, असं काहींना दिसलंय. रक्तातला लोखंडाचा साठा कमी सापडतो, असंही म्हणतात. मेंदूत हालचालींचे निरोप नेणारी जी रसायनं असतात, ती बनवायला लोखंड लागतं, तेव्हा संबंध असू शकतो. “पण एका माणसाच्या फिल्मवरून यातलं काही ओळखता येत नाही. आणि कशामुळे काय होतं, हे अजून कुणालाच ठामपणे माहीत नाही.”

“हिच्या रक्तात नाही, मग इथे कसं दिसतंय?”

“मेंदू आपला साठा वेगळा ठेवतो. तो तिला पुरतोय की नाही, ते मला या फोटोवरून सांगता येणार नाही.” ते दिवा बंद करायला उठले आणि थांबले. “काय यंत्र आहे, पोवार.” आमच्या मशीनबद्दल ते बोलत नव्हते.

रिपोर्टवर त्यांनी लिहिलं, मेंदूचा एमआरआय नॉर्मल.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण सोमवारी दुपारी मल्लाप्पांचा फोन आला. “पावणं, घोळ झालाय. नॉर्मल हाय म्हंजे मग नाटक करत्यात, असं म्हनाय लागलेत.”

मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि उचगावला तिच्या शाळेत गेलो.

चेअरमन जुने पैलवान. कान मोडलेले, आवाज आखाड्यातला. रिपोर्ट त्यांच्या टेबलावर होता. महानंदा कडेला उभी होती.

“बसा पावणं. मशीन तुमचं?”

“मी चालवतो.”

“मग तुमीच सांगा. तुमचं मशीन म्हनतंय डोस्क्यात काय न्हाय. डोस्क्यात न्हाय तर मान उडतीया कशानं? मनानंच की.”

मी समजवायला लागलो. मशीनला आकार दिसतो, काम दिसत नाही. बंद पडलेल्या घड्याळाचाही फोटो चांगलाच येतो. ते ऐकत होते, पण मला दिसत होतं की त्यांना वाटतंय, हा माणूस मल्लाप्पांचं मीठ खाऊन आलाय. महानंदा खाली बघत होती. तिला माझं माहीत होतं. तिने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. सांग म्हणून खुणावलंही नाही.

मी हातातला चहाचा ग्लास टेबलावर ठेवला आणि सोडून दिलं.

सकाळपासूनचं साठलेलं होतं. एसटीत आवरलेलं, वाटेत आवरलेलं. मान उजवीकडे गेली, पुन्हा गेली, घसा वाजला, खांदा उचलला, पुन्हा मान. परक्या माणसासमोर मी आयुष्यात पहिल्यांदा ते करत होतो आणि मला लाज वाटायला वेळच मिळाला नाही. चेअरमननी माझा ग्लास हळूच स्वतःकडे ओढून घेतला.

“बास, बास,” ते म्हणाले.

“बास म्हणून थांबत नाही,” मी म्हणालो.

ते थांबल्यावर चेअरमन पुढे वाकले.

“तुमालाबी हाय?”

“लहानपणापासून.”

“आनि नोकरी?”

“बरीच वर्षं झाली.”

“मशीन हालत न्हाय?”

“मशीन नाही हालत.”

“मग तुमाला कुनी काढलं कसं न्हाय?”

“कुणाला कळू दिलं नाही. बाईंनी लपवलं नाही, एवढाच फरक आहे.”

चेअरमन खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर पोरं ओरडत होती. मग त्यांनी आपला मोडका कान चोळला. “आमचा कान बघून पोरं हसत्यात. वीस वर्सं झाली, अजून हसत्यात. म्हनून काय आमी चेअरमन व्हायचं न्हाय का.” महानंदाकडे वळून ते म्हणाले, “बाई, उद्या वर्गात पोरास्नी तुमीच सांगा, हे काय हाय ते. लपवू नका. आनि तुमचे वडील सांगत हुते त्या पेन्सिली खाऊ नका, संस्थेच्या हायत त्या.”

तिने वर्गात सांगितलं. पोरांनी आठवडाभर तिची नक्कल केली, मग कंटाळली.

जूनमध्ये ती कायम झाली. फेरिटिन आलं होतं, तळाला टेकलेलं. गोळ्या चालू झाल्या. सहा-सात महिन्यांनी ती सेंटरवर भेटायला आली. गालांवर रंग आला होता. डोळ्यांचं जवळजवळ थांबलं होतं, मान अधूनमधून उडत होती. “पेन्सिल आता नुसती मातीसारखी लागते,” म्हणाली. लोखंडाने फरक पडला, की नोकरी पक्की झाल्याने, की या आजाराची भरती-ओहोटी असते म्हणून, हे सरांनी सांगायचं नाकारलं. मी हळूच माझंही फेरिटिन करून घेतलं. अगदी नॉर्मल आलं. माझी मान अजून उडते.

उचगावहून आलो त्या संध्याकाळी मी घरातही आवरलं नाही. आई भाजी निवडत बसली होती. बराच वेळ तिने बघितलं.

“परत आलं व्हय रे?”

“गेलंच नव्हतं, आई.”

तिचे हात थांबले. देठ आणि पानं, दोन ढीग तिच्यासमोर होते. मला वाटलं रडेल, किंवा रागवेल. दोन्हीला मी तयार होतो. तिने पुढची जुडी ओढली. “मग मी एवढ्या चकरा कशाला मारल्या?”

 पुढच्या पौर्णिमेला पहाटे ती पिशवी घेऊन निघाली. मी म्हणालो, आता कशाला जातेस. ती चप्पल शोधत म्हणाली, “न्हाय गेलं की अंगात आवळल्यागत होतं. जाऊन आलं की सुटतं.”

मी तिला स्टँडवर सोडायला गेलो.

आमच्या सेंटरवर आता नवीन मुलं आहेत. पेशंटला आत घेताना ती ‘हलू नका’ म्हणतात, मी जुन्यांना शिकवलेलं त्यांच्यापर्यंत आलंय म्हणून. मी स्वतः आता ते म्हणत नाही. मी दोन गोष्टी विचारतो. अंगावर लोखंड काय आहे, आणि अंगावरून काढायचं नाही असं काय आहे. पहिल्याचं उत्तर लोक लगेच देतात. दुसऱ्यासाठी थोडं थांबावं लागतं.